कृष्णेची रेघ
(द्वितीय वर्ष, कला)

भूगोल विभागाच्या प्रदर्शनासाठी वाईपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेचा नकाशा काढण्याचे काम माझ्याकडे आले. नकाशा संगणकावर, 'इंकस्केप' या मोफत मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये काढायचा होता. छापील नकाशाचे छायाचित्र खाली ठेवून मी माऊसने नदी गिरवली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. माऊसही इथे आल्यावरच हाती धरला. हात कापत होता. रेघ पूर्ण झाली तेव्हा तिच्यावर हजाराच्या घरात बिंदू होते आणि कृष्णामाई करवतीच्या दात्यांसारखी दिसत होती.

यावर 'सिम्प्लिफाय' नावाची एक आज्ञा आहे. रेघ निवडून कंट्रोल आणि एल ही बटणे दाबली की बिंदू कमी होतात. मात्र न थांबता पुन:पुन्हा दाबल्यास दर खेपेस ती अधिक जोराने काम करते, हे मला ठाऊक नव्हते. मी पाच-सहा वेळा भराभर दाबली. रेघ अशी सुरेख झाली की मी प्रत काढून सुट्टीत घरी नेली.

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कागद उजेडात धरला. अक्षरे त्यांना बेताचीच लागतात, पण नदी लागते. "अगं, औदुंबर आन् भुवनेश्वरी एकाच काठाला? मग नावंत बसून आमी कुठं जात हुतो?"

खरेच होते. दत्ताचे औदुंबर एका तीरावर आणि भुवनेश्वरीचे देऊळ समोरच्या. ठिपके जागच्या जागी होते, रेघच सरकली होती. आमचे रानही पल्याड गेले होते. नदीकाठच्या माणसाला हे हसण्यावारी नेता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा जनावरे घेऊन कोणीकडे हलायचे, ते आपण कोणत्या काठाला आहोत यावरच ठरले होते.

मग ही आज्ञा करते तरी काय, याचा मी शोध घेतला. नकाशाकारांची एक प्रसिद्ध रीत कॅनडातील डग्लस आणि प्यूकर यांनी १९७३ साली मांडली. तशीच रीत रामर यांनी १९७२ मध्ये सांगितली होती. ती दोऱ्याने समजते. वाई आणि सांगली येथे दोन खिळे ठोकून दोरा ताणा. नदी त्या दोऱ्यापासून सर्वांत दूर कोठे जाते? कराडच्या आसपास, सुमारे दहा किलोमीटर पश्चिमेला. आपण ठरवलेली मर्यादा पाच किलोमीटर असेल तर कराडला तिसरा खिळा बसतो आणि दोन्ही तुकड्यांवर तोच खेळ पुन्हा सुरू होतो. मर्यादेच्या आत पडलेले बिंदू पुसले जातात. गंमत माहुलीची आहे. वेण्णा जिथे कृष्णेला मिळते ते हे ठिकाण पहिल्या दोऱ्याच्या जवळजवळ खालीच येते. कराडचा खिळा बसल्यावर दोरा पश्चिमेला सरकतो, आणि तेव्हा कुठे माहुली बाहेर दिसू लागते. ती राहणार की जाणार हे मर्यादेवर अवलंबून. संगमाशी त्याचा संबंध नाही.

इंकस्केप सरळ दोऱ्याऐवजी वक्ररेषा बसवून पाहते. जिथे चूक फार होते तिथे रेघ तोडून पुन्हा बसवते. ही वक्ररेषा मोटारींच्या कारखान्यांतून आली: सित्रोएनमध्ये द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये तिचे गणित मांडले आणि रेनोच्या बेझिए यांच्या नावाने ती प्रसिद्ध झाली. मोटारीच्या पत्र्याला गुळगुळीतपणा शोभतो. पण कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मिळालेला प्रवाह काटकोनात वळतो. माझ्या रेघेत तिथे मऊ कमान झाली होती. प्रीतिसंगमातली ती समोरासमोरची गाठभेटच नाहीशी झाली!

कोणते वळण नदीचे आणि कोणते माझ्या कापऱ्या हाताचे, हे प्रोग्रामला कळत नाही. तो फक्त अंतर मोजतो. म्हणून दुसऱ्या खेपेस मी आधी वह्यीत यादी केली: माहुली, कराड, औदुंबर. त्या बिंदूंवर शिफ्ट आणि बी दाबून रेघ तोडली, कारण तुकड्याची टोके ही आज्ञा हलवत नाही. मग एकेका तुकड्यावर आज्ञा एकदाच चालवली, थांबून पाहिले, आणि टोके शिफ्ट व जे ने पुन्हा सांधली. कराडचा बिंदू शिफ्ट व सी ने टोकदार केला. बाकीचे बहुतेक गुळगुळीत ठेवले; तिथे हट्ट धरण्यात अर्थ नव्हता.

नवी प्रत आण्णांनी पुन्हा उजेडात धरली. बोट कराडपासून खाली आणत औदुंबरला थांबवले, पैलतीराला नेले, मग आमच्या रानावर ठेवले. पुढे सांगलीखाली हरिपूरला वारणा मिळते, ती कुठे आहे म्हणून विचारले. नकाशा सांगलीलाच संपत होता. तेवढा तुकडा आता गिरवायला घेतला आहे.