कर्माची प्रेरणा : धन, कीर्ती की समाधान?

मनुष्य कष्ट का करतो? पोटासाठी, हे पहिले उत्तर. परंतु पोट भरल्यावरही तो थांबत नाही. कोणी धनासाठी झटतो, कोणी नावासाठी, तर कोणी केवळ मनाच्या समाधानासाठी. यांपैकी कोणती प्रेरणा अधिक टिकाऊ आहे? आपण आपल्या मुलाबाळांना कशासाठी घडवीत आहोत, याच्याशी हा प्रश्न निगडित आहे.

१९७३ साली अमेरिकेतील तीन मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीतील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिले, तर काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत या मुलांचे निरीक्षण केले असता, बक्षिसाच्या आशेने ज्यांनी चित्र काढले होते, ती मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रकलेत रमली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. जे काम ओढीने होत होते, ते आमिषामुळे जणू मजुरीचे झाले. अंतरीची ओढ बळकट असते. पण लोभाचा स्पर्श होताच ती कोमेजू शकते.

मग समाधान हेच जीवनाचे ध्येय मानावे काय? येथे इस्लाम आणखी एक प्रश्न विचारतो : समाधान कशाचे? अन्यायाने मिळविलेल्या यशातही माणसाला समाधान वाटू शकते. ज्यांची सारी धडपड वाया गेली, तरीही आपण उत्तमच करीत आहोत असे जे समजत राहिले, त्यांना दिव्य कुरआनने सूरह कहफमध्ये सर्वाधिक तोट्यात असलेले लोक म्हटले आहे. म्हणून समाधानालाही कसोटी हवी, आणि ती कसोटी म्हणजे ईशप्रसन्नता.

सहीह बुखारीचा आरंभच निय्यतीच्या हदीसने होतो. हिजरतसारखे महान कर्मही अल्लाहसाठी केले की ऐहिक लाभासाठी, यावर त्याचे मोल ठरते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविले. सहीह मुस्लिममधील एक हदीस तर अंगावर काटा आणणारी आहे. न्यायाच्या दिवशी प्रथम ज्यांचा निवाडा होईल, त्यांत रणांगणात मारला गेलेला, कुरआनचा विद्वान आणि दानशूर असे तिघे असतील. तिघांनीही लोकांनी वाहवा करावी म्हणून कर्मे केली. ती वाहवा त्यांना जगातच मिळाली. परलोकात त्यांच्या वाट्याला काहीच उरले नाही.

याचा अर्थ मोबदला किंवा स्तुती निषिद्ध आहे असा नव्हे. कामाचा मोबदला हजरत उमर (रजि.) नाकारू लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की, लालसा न धरता व न मागता जे मिळेल ते घ्यावे. सत्कर्म करणाऱ्याची लोक आपणहून प्रशंसा करीत असतील, तर ती त्याच्यासाठी आगाऊ शुभवार्ता आहे, असेही त्यांनी सांगितले. दोष मिळण्यात नाही, त्यासाठी कर्म करण्यात आहे.

मग आपली निय्यत ओळखावी कशी? इतिहासातील दोन उदाहरणे मार्ग दाखवितात. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांची कीर्ती शिखरावर असताना हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना सरसेनापतिपदावरून दूर केले व हजरत अबू उबैदा (रजि.) यांना नेमले. खालिद (रजि.) रुसून घरी बसले नाहीत, नव्या सेनापतीच्या हाताखाली लढत राहिले. पद गेले, काम राहिले.

दुसरे उदाहरण हजरत हुसैन (रजि.) यांचे पुत्र इमाम जैनुल आबिदीन (रह.) यांचे. मदीनेतील कित्येक गरीब कुटुंबांच्या दारी रात्री अन्न पोहोचत असे. देणारा कोण, हे कुणाला ठाऊक नव्हते. इमामांच्या मृत्यूनंतर ते येणे बंद झाले, तेव्हा लोकांना उलगडा झाला. अंत्यस्नानाच्या वेळी त्यांच्या पाठीवर ओझ्याचे वळ दिसले, असे चरित्रकार सांगतात.

सूरह फज्रच्या शेवटी तृप्त आत्म्याला आपल्या पालनकर्त्याकडे परतण्याची हाक आहे. त्या आत्म्याची दोन विशेषणे तेथे आली आहेत : राजिया, म्हणजे स्वतः संतुष्ट, आणि मर्जिया, म्हणजे ज्यावर अल्लाह संतुष्ट आहे. आपण मराठीत रोज वापरतो ते 'राजी' आणि 'मर्जी' हे शब्द याच धातूतून आलेले आहेत. आपले राजी होणे जेव्हा त्याच्या मर्जीशी जुळते, तेव्हाच समाधान खरे ठरते.

बंधू-भगिनींनो, मूल शाळेतून किंवा मकतबमधून घरी आले की आपण विचारतो, "कितवा नंबर आला?" कधी असेही विचारून पाहू या, "आज कोणाच्या उपयोगी पडलास?" मशिदीच्या देणगीफलकावर आपले नाव नसेल, तरीही आपला हात तितकाच सैल सुटेल काय? आठवड्यातून एक तरी सत्कर्म असे करावे की जे घरातल्या माणसांनाही कळू नये. ते करताना मनाला जड वाटले, तर निय्यतीवर अजून मेहनत बाकी आहे असे समजावे.

अल्लाह आपल्या सर्वांच्या कर्मांत इख्लास निर्माण करो व आपल्याला त्याच्या प्रसन्नतेस पात्र करो. आमीन.