वणवा, पालापाचोळा आणि कर्बवायू

एक टन सुके लाकूड जळाले तर किती कर्बवायू हवेत जाईल? राख खाली उरते, तेव्हा टनाहून कमीच, असे उत्तर बहुतेक विद्यार्थी देतील. प्रत्यक्षात तो सुमारे १.८ टन भरतो. सुक्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कर्बाचा असतो आणि जळताना कर्बाच्या दर १२ भागांना हवेतील प्राणवायूचे ३२ भाग येऊन मिळतात. झाडाने वर्षानुवर्षे साठविलेला कर्ब अशा रीतीने काही तासांत हवेत परततो. मानवी व्यवहारांमुळे वातावरणात वाढत असलेल्या हरितगृह वायूंत हाच प्रमुख होय.

वने व वृक्षाच्छादन यांच्या द्वारे २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कर्बवायूइतका अतिरिक्त साठा निर्माण करण्याचे भारताने २०१५ साली जाहीर केले. साहजिकच वृक्षलागवडीवर भर दिला जातो. परंतु लावलेल्या रोपांची संख्या जितक्या उत्साहाने सांगितली जाते, तितक्या उत्साहाने जगलेल्यांची सांगितली जात नाही. आणि उभ्या रानाच्या राखणीकडे तर त्याहूनही कमी लक्ष जाते.

मार्च २०२३ मध्ये, शिमग्याच्या सुमारास, गोव्यातील म्हादई अभयारण्यात व इतरत्र वणवे पेटले. ते विझविण्यासाठी नौदलाच्या व हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावे लागले. असा वणवा बहुधा जमिनीलगत सरपटत जातो. मोठी झाडे वाचतात, म्हणून पावसाळ्यानंतर रान पूर्ववत झाल्यासारखे दिसते. मात्र उद्याची झाडे होणारी कोवळी रोपे जळून गेलेली असतात. मातीवरचे पाल्याचे आच्छादनही नाहीसे होते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातील वनांच्या कर्बसाठ्यापैकी निम्म्याहून अधिक मातीत आहे. उघड्या पडलेल्या उतारावरून मृगाच्या सरी नेमकी तीच माती वाहून नेतात. पाला कुजतानाही कर्बवायू सुटतो, हे खरे. परंतु त्यातील काही कर्ब मातीत मुरतो. पाला जाळल्यास तेवढाही उरत नाही.

सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत रानालगत काजूची लागवड आहे. बिया वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडांखालचा पाला झाडून जाळण्याची रीत आढळते. तोच पाला खड्ड्यात कुजविल्यास खत मिळते व ठिणगीचे भय टळते.

राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये गुन्हा आहे. तरीही वनकर्मचाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. धुराची वर्दी देणाऱ्यावरच प्रथम संशय घेतला गेला, तर पुढच्या खेपेस तो धूर पाहूनही गप्प राहील. उपग्रहाने टिपलेल्या आगीच्या सूचना आता मोबाईलवर येतात. परंतु उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो, तर काजूच्या हंगामात गावकरी पहाटेपासून रानातच असतो. जाळरेषा कोठून काढावी, वारा कोणत्या घाटीतून उतरतो, हे त्याला विचारूनच ठरवावे आणि हे काम माघ संपण्यापूर्वी उरकावे.