रानपिंगळ्याच्या मागे लागलेल्या भाचीस

देवपूर, धुळे
चैत्र पौर्णिमा

चि. सोनू,


परवा तुझ्या आईचा फोन आला. "पोरगी सातपुड्यात पालला गेल्यापासून आवाजच ओळखू येत नाही, तूच काय ते सांग तिला, माझं ऐकत नाही," म्हणाली. आता तुझी आई बारीकसारीक गोष्टींनी घाबरते हे मला आमच्या लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून मी तिचं निम्मंच धरलं. पण मग तू पाठवलेले वहीच्या पानांचे फोटो पुन्हा एकदा उघडून पाहिले. होळीच्या आधीची पानं आणि गेल्या आठवड्यातली पानं शेजारी ठेवून वाचली. पहिल्या पानांत पक्षी कोणत्या झाडावर बसला, सलईवर की अंजनावर, तोंड कुठे, किती वेळ, शेपटी हलवली का, सगळं आहे. आताच्या पानांत सलग तीन दिवस वारा तोच, ढग तेच, आणि "शेरा" या रकान्यात नुसत्या उभ्या रेघा. म्हणून हे पत्र.

रानपिंगळ्याचा इतिहास तुला मी सांगावा असं नाही, पण एक भाग मुद्दाम उगाळते. ह्यूमने 1873 मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं. पुढे आपल्याच पश्चिम खानदेशात, शहादा-तळोद्याकडे डेव्हिडसन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने काही पक्षी टिपले, आणि 1884 नंतर तो कोणाला दिसलाच नाही. दिसलाच नाही म्हणजे, एक नोंद होती. रिचर्ड माइनर्टझहागन या लष्करी अधिकाऱ्याने 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ एक मिळवल्याची. पुढच्या लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा कळलं की तो पक्षी मुळात डेव्हिडसनच्याच काळातला. माइनर्टझहागनने तो चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी बांधून आपला म्हणून ठेवला होता. ती चिठ्ठी बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवला, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिवसाढवळ्या बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. शहादा तेव्हा आपल्या धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार वेगळा झाला तो पुढच्या जुलैत.

माइनर्टझहागनने खोटं जाणूनबुजून लिहिलं. दमलेला माणूस खोटं लिहितो ते नकळत. कालचा वारा आजच्या रकान्यात उतरवतो. अंधारात नीट न दिसलेला नेहमीचा पिंगळा "बहुधा रानपिंगळा" होतो, आणि महिन्याभराने टाइप करताना त्यातला "बहुधा" गळतो. वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींत काडीचा फरक नाही. तेव्हा मी तुला विश्रांती घे म्हणते ती मावशीच्या मायेने म्हणतेच, पण तेवढ्यानेच नाही. झोप, जेवण, सुट्टी ही तुझ्या अभ्यासपद्धतीचाच भाग आहे, दुर्बिणीची काच पुसण्याइतकी. ती चुकली तर काम बिघडतं, आणि बिघडलेलं दिसतही नाही.

आता उन्हाचं. जळगाव-भुसावळचा उन्हाळा तुला नवा नाही, पारा पंचेचाळिशी ओलांडतो हे तू जन्मापासून ऐकत आलीस, आणि नेमकं म्हणूनच तू त्याला हलकं घेतेस. कॉलेजात पंख्याखाली बसून काढलेला उन्हाळा आणि सातपुड्याच्या टेकाडावर पाठीवर पिशवी घेऊन काढलेला उन्हाळा यांची शरीराला ओळख वेगवेगळी. उन्हात चालण्याची सवय व्हायला धडधाकट माणसालाही आठ-दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. सुट्टीवरून परतलीस की पहिल्या दिवशी पूर्ण फेरी मारू नकोस. आणि आपल्याकडची हवा कोरडी. कोकणात घाम अंगावर राहतो, माणसाला कळतं. इथे तो आल्या आल्या उडून जातो, म्हणून "मला कुठे घाम येतो" असं वाटतं आणि अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेलेलं असतं. तहान लागेपर्यंत थांबू नकोस. नुसतं पाणीही ढोसू नकोस. जलसंजीवनीची (ओआरएस) पुडी ठेव. ती नसली तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. कैरीचं पन्हं, मीठ घातलेलं ताक हेही तेच काम करतं, आणि चवीला बरं. डोक्याला ओला बागायतदार रुमाल. खिशातल्या कांद्याने मात्र ऊन अडत नाही. तो भाकरीबरोबर खा.

एक गोष्ट तुला तुझे सर सांगणार नाहीत, त्यांना सुचणारही नाही. तू पाणी कमी पितेस, कारण सोबत दोन पुरुष असतात आणि आडोसा शोधावा लागतो. शिकवत असताना मी पोरींना घेऊन सहलींना जायची, सगळ्या हेच करायच्या. मग लघवीला जळजळ, ताप, आणि हंगामातला आठवडा अंथरुणात. सरळ सांगायचं, "दादा, तुम्ही पुढे व्हा, मी येते." पावरा, तडवी माणसांना याचं काही वाटत नाही, लाज आपल्या शहरी डोक्यात असते. पाळीच्या पहिल्या दिवशी लांबची फेरी ठेवू नकोस, वेळापत्रक तसं आखून घे, आणि त्याबद्दल कोणाला खुलासा देत बसू नकोस. लघवीचा रंग पाहत जा. गडद पिवळा दिसला की सावलीत बस.

तुझा पक्षी सकाळी हिंडतो, साडेदहा-अकरानंतर तोही सावलीत चोच उघडून धापा टाकत बसतो. मग तू कोणासाठी टेकाडावर उभी असतेस? पहाटे निघ, ऊन चढायच्या आत परत ये, दुपारी झोप, चारनंतर पुन्हा निघ. फक्त सध्या मोहाचे दिवस आहेत, फुलं वेचायला माणसं येतात तशी अस्वलंही येतात. अंधार असताना मोहाच्या झाडाखालून एकटी जाऊ नकोस. सोबतच्या माणसाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर तिथेच काम थांबव. आणि तो असंबद्ध बोलू लागला, कातडी तापलेली लागली, तर ती साधी चक्कर नव्हे, उष्माघात आहे. सावलीत निजवायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि 108 ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

साप-विंचवांचं थोडक्यात. जमिनीवर झोपू नकोस, खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. मण्यार रात्री अंथरुणात येतो आणि त्याचा दंश कित्येकदा कळतसुद्धा नाही. दगडगोट्यांत फुरसं असतं. बूट झटकल्याशिवाय पाय घालू नकोस. चावलंच तर कापणं, आवळून बांधणं, भगताकडे जाणं नाही. हातपाय न हलवता थेट दवाखाना. सर्पदंशावरचं प्रतिविष कोणत्या दवाखान्यात असतं ते आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिही. विंचवालाही हसण्यावारी नेऊ नकोस. लाल विंचवाने माणसं मरायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन वापरून त्यांतली कितीतरी वाचवली. पण गोळी वेळेत मिळायला वेळेत पोचावं लागतं.

जेवणाबद्दल आईने सांगितलं की तू बिस्किटं आणि नूडल्सवर आहेस. रावेर-यावलच्या केळीपट्ट्याच्या उशाशी बसून बिस्किटं! ज्या घरी उतरली आहेस तिथे पैसे देऊन दोन वेळची भाकरी लावून घे. कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, ताक. त्या बाईच्या चुलीपुढे बसलीस की दिवसातून दोनदा कोणाशी तरी पक्ष्याखेरीज दुसऱ्या विषयावर बोलणं होईल. मला त्याची जास्त गरज वाटते.

कारण तुझा आवाज उन्हाने बसला नाही, हे मी जाणते. मागच्या वर्षीचं घरट्याचं झाड यंदा जागेवर नाही, हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. यावलच्या जंगलात अतिक्रमणाचं दुखणं जुनं आहे, आणि ज्याने कुऱ्हाड चालवली त्याच्याही घरात चूल आहे. दोन्ही खरं आहे आणि म्हणूनच ते माणसाला आतून खातं. झाडाचा फोटो, जागा, तारीख लिही, सरांना आणि वनखात्याला कळव. तिथल्या तिथे एकटीने कोणाशी वाद घालू नकोस. आणि वाईट वाटलं तर वाटू दे, त्याला "मी अभ्यासक म्हणून कच्ची" असं नाव देऊ नकोस. तिकडे तुझी मैत्रीण मेळघाटातून रोज फोटो टाकते, तिला दिसलं, मला नाही, हे मोजणंही सोड. शहाद्याच्या त्या सकाळआधी रासमुसेन यांच्यासह त्या तिघांनी दुसरीकडे शोधूनही त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं. "पाहिलं, नव्हता" ही पूर्ण नोंद आहे. "आज गेले नाही, अंगात कसकस होती" हीसुद्धा. ती शाईने लिही.

होळीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात तुझा वाटाड्या आला नाही म्हणून तू केवढी चिडली होतीस. अगं, तो वर्षभर डोंगर चढतो आणि त्याला ठाऊक आहे कधी ढोल वाजवायचा. त्याच्याकडून झाडांची नावं शिकलीस, हेही शिक. आठवड्यातला एक दिवस, बाजाराचा म्हण, वही उघडायचीच नाही. कपडे धू, झोप, बाजारात शेव-भजी खा, पोरांबरोबर नदीवर बस.

दोन आठवडे झोप लागत नसेल, अन्नाला चव नसेल, आणि पक्षी समोर असूनही दुर्बीण उचलावीशी वाटत नसेल, तर ते आळस म्हणून झटकू नकोस. सरांना सांग. त्यांना सांगवत नसेल तर मला. आम्हा दोघांनाही सांगवत नसेल तर 14416 हा सरकारचा मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रेंज असलेल्या टेकडीवर गेलीस की सरांना मेसेज करतेस ना, तसाच हा फोन. तू हंगाम आखडता घेतलास आणि सरांनी नाराजी दाखवली तर त्यांना माझा नंबर दे. मी तीस-एक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलंय, माझं त्यांच्याशी जमेल.

आणि आखाजीला ये. सतरा-अठरा दिवसांवर आली. खानदेशातल्या झाडून साऱ्या लेकी माहेरी येतात, तू तर अजून माहेरचीच. चार दिवस धर, दोन नाही. येण्याजाण्यातच दोन जातात. आईला अमळनेरहून इकडेच बोलावते. मांडे मी करणार, रस तुझ्या काकांनी काढायचा असं ठरलंय, झोका मागच्या निंबालाच बांधू. वाटाड्याला त्या दिवसांचे पैसे दे, कापू नकोस. कोणत्या बसने येतेस ते रविवारपर्यंत कळव, म्हणजे काका स्टँडवर येतील.

तुझी,
मावशी