अबोल मुलगा अधिकारी होईल का?

‘मुलगा अबोल आहे हो, फौजेत कसा निभावणार?’ एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, फॉर्म भरायची वेळ आली की हा प्रश्न हमखास येतो. अधिकारी म्हणजे खड्या आवाजात हुकूम सोडणारा, ही आपली समजूत.

एसएसबी, म्हणजे लेखी परीक्षेनंतरची पाच दिवसांची निवड, या समजुतीला भीक घालत नाही. तिथल्या ग्रुप टास्कमध्ये फळी, बल्ली आणि दोर वापरून गटाने अडथळे ओलांडायचे असतात. लाल रंगाच्या भागाला स्पर्श चालत नाही. नायक कुणी नेमलेला नसतो. मग दोघे-तिघे एकदम आपापली युक्ती ओरडून सांगतात आणि फळी जमिनीवरच राहते. एखादा मात्र मुकाट बल्लीचं टोक दाबून धरतो, ‘तू आधी जा, तुझी उडी लांब आहे’ म्हणतो, आणि काम हलतं. परीक्षकाची नजर अशांवर असते. पुढे कमांड टास्कमध्ये प्रत्येकाला नायक करतात. मदतनीस त्यानेच निवडायचे. तिथे कुणाची नावं पुन्हापुन्हा घेतली जातात, हे पाहण्यासारखं असतं.

पाठांतराचा इथे उपयोग नाही. मानसशास्त्रज्ञ, मुलाखतकार आणि मैदानावरचा अधिकारी तिघंही स्वतंत्रपणे पारखतात. कागदावर शूर आणि मैदानावर मागे, हे लपत नाही. शब्द पाहून 15 सेकंदांत वाक्य लिहायच्या चाचणीसाठी तयार वाक्यं विकत मिळतात. ते पैसे वाचवा.

त्यापेक्षा घरातलं एक काम पूर्णपणे मुलावर सोपवा. समजा, गावच्या लग्नाचा सगळ्यांचा प्रवास. लष्करात काम देताना परिस्थिती काय, साधायचं काय आणि कुणी काय करायचं, हे सांगतात आणि काही शंका आहेत का ते विचारतात. तुम्हीही तेवढंच करा. गाडी चुकली तर चुकू द्या. (गप्प बसणं आईवडिलांनाच जास्त जड जातं.) 1932 साली डेहराडूनच्या लष्करी अकादमीत जनरल चेटवूड यांनी अधिकाऱ्यांना घालून दिलेला क्रम असा: आधी देश, मग हाताखालची माणसं, शेवटी स्वतः. निवड झाली नाही तरी साइटवरच्या इंजिनिअरला किंवा वॉर्डातल्या सिस्टरला हा क्रम रोज लागतोच.

आणखी एक. एनडीएच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी आणि नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे. अर्ज दहावीत असतानाच करायचा असतो. एनडीएची दारं 2022 पासून मुलींनाही उघडी आहेत.