दिवस भरत आले की

सून आठ महिन्यांची गरोदर आहे. पहाटे अंथरुणावरून उठताना तिच्या तोंडून 'आई गं' निघते. जांघेत कळ येते. उंबरा ओलांडताना पाय उचलत नाही. सासू म्हणते, "आम्हांला काय पोरं झाली नाहीत?" सून गप्प बसते. हंडा उचलते आणि पाण्याला जाते.

आपण जरा विचार करू. हे दुखणे खोटे नाही. सासूबाईंनाही ते झाले असेल. तेव्हा त्यांचे कोणी ऐकले नसेल, इतकेच.

हे का होते? कमरेला हाडांचे एक कडे असते. त्याला पुढे एक सांधा, मागे दोन. गरोदरपणी हे सांधे सैल होतात. त्यात बाळाचे ओझे. चाकाची धाव ढिली झाली आणि वर गाडी भरली, तर चाक कुरकुरणारच! पण या दुखण्याने बाळाला अपाय होत नाही. बाळंतपणानंतर बहुतेक जणींचे ते थांबते.

तोवर काय करावे? एकदम उठू नये. आधी कुशीवर वळावे. गुडघे जुळवून ठेवावे. हाताचा रेटा देऊन बसावे, मग उभे राहावे. निजताना कुशीवर निजावे. दोन्ही गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी ठेवावी. परकर बसून घालावा. एका पायावर उभे राहू नये. पाऊल लहान टाकावे. हंडा, सरपणाचा भारा उचलू नये. थोडे चालावे, थोडे बसावे. पोट चोळून घेऊ नये. मनाने गोळी घेऊ नये. आशाताईला किंवा नर्सबाईला विचारावे.

पण प्रत्येक दुखणे हेच, असे समजू नये. अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, थांबून थांबून कळा येऊ लागल्या, पोट सारखे दुखून कडक झाले, ताप आला, लघवीला आग झाली, बाळाची हालचाल कमी झाली, तर घरी थांबू नये. लगेच दवाखाना गाठावा. 108 किंवा 102 नंबरला फोन करावा. या सरकारी गाडीला पैसे पडत नाहीत.

त्या घरी आता हंडा मुलगा आणतो. पहिल्या दिवशी पाणवठ्यावर लोक हसले. तो म्हणाला, "बाळ माझंही आहे की!" मग कोणी हसले नाही.

आपल्या घरी हंडा कोण उचलतो?