पुडीवरचा लाल ठिपका

वाङ्मय मंडळाच्या अंकात सॅनिटरी पॅडवर लेख कशाला, असं कुणी विचारेल. हा विषय विज्ञानाचा आणि पैशाचा तर आहेच, पण तितकाच शब्दांचाही आहे, असं मला वाटतं. मराठीत पाळीसाठी आडून बोलायचे किती शब्द आहेत बघा: ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची आहे’, ‘अडचण आलीय’, ‘बाजूला बसलीय’. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी ‘विटाळ’ या कल्पनेलाच अभंगातून प्रश्न विचारला. आज सहाशेहून अधिक वर्षांनीही आपण दुकानात पॅड मागताना आवाज खाली आणतो आणि दुकानदार ते काळ्या पिशवीत घालून देतो. या लपवाछपवीची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. ती कोण मोजतं, ते पाहू या.

१. पॅडमध्ये असतं काय?

आपण ‘कापसाचं पॅड’ म्हणतो, पण बाजारातल्या बहुतेक पॅडमध्ये प्लास्टिकच बरंच असतं. त्वचेला लागणारा वरचा थर साधारणपणे पॉलिप्रॉपिलीनचा किंवा पॉलिएथिलीनचा. मधे लाकडाचा लगदा आणि स्वतःच्या वजनाच्या अनेक पट द्रव धरून ठेवणारी पॉलिमरची पूड. खालचा न गळणारा थर पुन्हा प्लास्टिकचा, त्यावर गोंद आणि गोंदावर चिकटपट्टी. शिवाय प्रत्येक पॅडला वेगळं वेष्टन. हे प्लास्टिक मातीत शेकडो वर्षं राहतं.

२. हिशेब

पाच दिवस, रोज तीन पॅड धरले तर महिन्याला १५, वर्षाला १८०. साधारण ३५ वर्षं पाळी येते असं धरलं तर एका बाईचे ६,३०० पॅड होतात. एक पॅड ८ रुपयांचं धरलं तर वर्षाला १,४४० रुपये. घरात आई आणि दोन मुली असतील तर ४,३२० रुपये. रोजंदारीवरच्या घरात हा खर्च किराणा, गॅस, फी यांच्या नंतरच येतो. मग एकच पॅड दिवसभर वापरलं जातं.

२०१७ मध्ये पॅडवर १२ टक्के जीएसटी होता. देशभर विरोध झाला आणि जुलै २०१८ मध्ये तो काढला. जनऔषधी केंद्रात २०१९ पासून पॅड १ रुपयाला मिळतं, म्हणजे वरच्याच हिशेबाने वर्षाला १८० रुपये. पैशाच्या बाजूने हा मोठा दिलासा आहे. मात्र ही पॅड ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकली जातात. अशा प्लास्टिकचे बारीक तुकडे होतात, पण ते पूर्ण नाहीसं होईलच असं नाही. याच कारणाने युरोपीय संघाने ऑक्सो प्रकारच्या प्लास्टिकवर बंदी घातली आहे. स्वस्त म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक, असं नाही.

३. टाकल्यावर ते जातं कुठे?

संडासात टाकलं तर ते फुगतं, पाइप तुंबतो आणि तो मोकळा करायला शेवटी माणूसच लागतो. उघड्यावर किंवा कमी तापमानाला जाळलं तर प्लास्टिकचा विषारी धूर होतो. वसतिगृहात यंत्र बसवलं म्हणून प्रश्न मिटत नाही. ते किती तापतं आणि त्याचा धूर कुठे जातो, हेही विचारायला हवं. आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर?

तिथे ते एका माणसाच्या हातात येतं. कचरा वेगळा करणाऱ्या बहुतेक बायाच असतात. न ओळखता येणारी पुडी त्या उघडून बघतात, कारण आत विकण्याजोगं प्लास्टिक किंवा कागद असू शकतो. हातमोजे नेहमी असतातच असं नाही. आपण नाव न घेता गुंडाळलेली वस्तू अशी दुसऱ्या बाईच्या उघड्या हाताला लागते.

पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने यावर साधा उपाय पुढे आणला. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही. याला एका पेनाएवढाच खर्च येतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार पॅड नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचं होतं आणि गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली होती. तुमच्या पाकिटात ती पिशवी असते का, एकदा तपासा.

४. मग वापरायचं काय?

‘पॅड सोडा’ असं सांगायला मी हा लेख लिहीत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या सुमारे ६४ टक्के मुलींनी सॅनिटरी पॅड वापरत असल्याचं सांगितलं. शाळेत निर्धास्त बसता येणं ही साधी गोष्ट नाही. पर्याय मात्र माहीत हवेत.

कापडी पॅड: दोन-तीन वर्षं सहज टिकतं, कचरा अगदी कमी. पण पाणी, साबण आणि ऊन लागतं. लाज वाटते म्हणून ते दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवलं तर ओलं राहतं आणि संसर्गाची भीती असते.

मेन्स्ट्रुअल कप: सुमारे ३०० ते ५०० रुपयांपासून मिळतो, नीट जपला तर दहा वर्षांपर्यंतही चालतो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा आला, त्यात कप सुरक्षित असल्याचं आणि गळती पॅडइतकीच किंवा कमी असल्याचं दिसलं. हात धुवायला पाणी आणि पाळी संपल्यावर कप उकळायची सोय मात्र हवी. लग्नाआधी तो वापरू नये, हा निव्वळ गैरसमज आहे.

केरळमधली कुंबळंगी ही ग्रामपंचायत जानेवारी २०२२ मध्ये सॅनिटरी नॅपकिनमुक्त जाहीर झाली. तिथे नुसते कप वाटले नाहीत, बायकांना प्रशिक्षणही दिलं. म्हणजे आधी बोलणं झालं, मग बदल झाला. कापड उन्हात वाळायला, कपाबद्दल विचारायला, पुडीवर ठिपका काढायला, सगळ्याला आधी मोकळेपणा लागतो.

५. आपल्या कॉलेजात काय करता येईल?

मुलींच्या स्वच्छतागृहात झाकणाचा वेगळा डबा, शेजारी जुने कागद आणि दोरीला बांधलेला लाल पेन. वसतिगृहाच्या गच्चीवर कापडी पॅड उन्हात वाळवायला एक दोरी. वर्षातून एकदा डॉक्टरांशी मोकळी बातचीत. मुलग्यांनो, तुम्हीही त्या बातचितीला या. घरचा कचऱ्याचा डबा तुम्हीही बाहेर नेता.

आणि आपल्या मंडळासाठी एक काम: आपापल्या घरी, बेळगावी मराठीत, कोकणीत, कन्नडमध्ये पाळीला काय काय म्हणतात ते आजी-आईला विचारून लिहून आणा. कुठला शब्द लपवतो आणि कुठला सरळ सांगतो, ते पुढच्या बैठकीत बघू.