टोकन दिलं, नोटीस थांबव

(सायली पुण्यात सिंहगड रस्त्यावर भाड्याने राहते. त्याच भागात ७८ लाखांचा एक जुना फ्लॅट तिने आणि नवऱ्याने पक्का केला आहे. आत्या बँकेच्या गृहकर्ज विभागातून निवृत्त झालेली.)

सायली : आत्या, परवा टोकन दिलं. साठ लाखांचं कर्जही मंजूर झालंय. आता घरमालकांना नोटीस देऊन टाकते. महिन्याचीच द्यायची आहे. इथून उठायचं ते थेट नव्या घरात.

आत्या : थांब जरा. मंजुरीपत्रात बँक ‘देऊ’ म्हणते, दिलेत कुठे अजून? आधी मला सांग, विकणाऱ्यांचं त्या फ्लॅटवर कर्ज आहे?

सायली : आहे, बावीस लाख उरलंय. पण ते आपल्याच पैशातून फिटेल ना?

आत्या : फिटेल, पण कसं फिटतं ते ऐक. त्यांची बँक आधी फोरक्लोजर लेटर आणि कागदपत्रांची यादी देणार. तुमच्या बँकेचा वकील टायटल सर्च करणार, व्हॅल्युएशनवाला येऊन फ्लॅट बघून जाणार. सोसायटीचं ना-हरकत पत्र आणायचं. मग करारनामा, नोंदणी. इंडेक्स टू हातात पडला की तुमची बँक पहिला चेक काढणार, तोही विकणाऱ्यांच्या बँकेच्या नावाने, बावीस लाखांचा. खातं बंद झालं, की मूळ कागद सुटणार. ते शाखेतल्या कपाटात नसतात, कुठल्या तरी मध्यवर्ती ठिकाणी ठेवलेले असतात. तिथून मागवायचे.

सायली : याला किती दिवस?

आत्या : रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासूनचा. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ती कर्जदाराला, म्हणजे विकणाऱ्यांना मिळणार. तू रस्त्यावर आलीस तरी तुला त्यातला रुपया नाही.

सायली : म्हणजे बँकेनं सगळं नियमात केलं तरी महिना जाऊ शकतो!

आत्या : आणि तुझी नोटीसही महिन्याचीच. उरलेले अडतीस लाख तुमची बँक बहुधा कागद ताब्यात आल्यावरच सोडणार. शेवटचा चेक मिळाल्याशिवाय चावी कोण देईल? मी तरी नसती दिली.

सायली : मग नोंदणी झाल्या झाल्या नोटीस दिली तर?

आत्या : फ्लॅटवर बोजा नसता तर ‘दे’ म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत मूळ कागद तुमच्या बँकेत पोचले, शेवटचा चेक तेवढा राहिला, की मग लिही.

सायली : पण मग महिनाभर इकडे २६ हजार भाडं आणि तिकडे हप्ता!

आत्या : पूर्ण रक्कम उचलेपर्यंत बहुतेक बँका उचललेल्या रकमेचं व्याज तेवढं घेतात. बावीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला साडेपंधरा हजार. पूर्ण हप्ता चेक सुटल्यावर. तरी समज, एक भाडं जास्तीचं गेलं. जाऊ दे. तो या खरेदीचाच खर्च धर, मुद्रांक शुल्कासारखा. नाहीतर सामान गोदामात, तुम्ही दोघं माहेरी आणि पॅकर्सवाल्याला दोनदा पैसे. बरं, तुमच्या भाडेकराराचे अकरा महिने कधी संपतात?

सायली : अजून दोन महिने आहेत. लॉक-इन संपलाय.

आत्या : मग तर खरी मेख इथेच आहे. मुदत संपल्यावर नोटिशीचा प्रश्नच उरत नाही, घर सोडायचं. नाही सोडलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट रक्कम मागू शकतात. महिन्याला ५२ हजार.

सायली : आमचे मालक चांगले आहेत गं. ‘राहा हो’ म्हणतील.

आत्या : म्हणतील. आणि त्यांच्या मुलाने दुसऱ्या कोणाकडून टोकन घेतलं असेल तर? एकदा तू नोटीस दिलीस की ते घर दाखवायला लागणार, महिनाभर माणसं येऊन तुमचं स्वयंपाकघर बघून जाणार. नवा भाडेकरू ठरल्यावर तू ‘नोटीस मागे घेते’ म्हणालीस तर त्यांनी ऐकावं असं काही नाही. म्हणून नवा लिव्ह अँड लायसन्स करून घे, कमी मुदतीचा. लॉक-इन नको आणि तुमच्याकडून नोटीस पंधरा दिवसांची. नोंदणी मात्र कर, ती कायद्याने लागतेच. हजार-दोन हजार भाडं वाढवून मागितलं तर घासाघीस करू नकोस.

सायली : डिपॉझिटचे पाऊण लाख मी आमच्या अठरा लाखांत धरलेत.

आत्या : काढ ते आधी! डिपॉझिट चावी परत केल्यावर मिळतं, तेही रंगाचे पैसे कापून. म्हणजे इथून उठल्याशिवाय ते पैसे नाहीत आणि ते पैसे भरल्याशिवाय नवं घर नाही. माझ्या टेबलासमोर बसून किती जणांच्या हे शेवटच्या आठवड्यात लक्षात आलंय! शिवाय मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ५ लाख ४६ हजार, वर नोंदणीचे ३० हजार. ते कर्जात बसत नाही.

सायली : ते वेगळे ठेवलेत. पाऊण लाख बाबांकडून घेईन.

आत्या : बरं, विकणारे स्वतः कुठे जाणार आहेत?

सायली : बाणेरला. नवीन स्कीममध्ये घेतलाय त्यांनी. बिल्डर दिवाळीपर्यंत ताबा देतोय म्हणे.

आत्या : भोगवटा पत्र आलंय?

सायली : ते नाही विचारलं. फर्निचरला मात्र सुरुवात केलीय त्यांनी.

आत्या : ती फिट-आउटची चावी. सुतार आत जातो, पण राहायला जाता येत नाही. भोगवटा पत्र आलेलं असेल तर निश्चिंत हो. रेरा कायद्यात त्यानंतर दोन महिन्यांत ताबा घ्यायला सांगितलंय, म्हणजे ते हलतील. आलं नसेल, तर तुझी बँक, त्यांची बँक, सगळे वेळेवर असूनही तुझी तारीख बाणेरच्या बिल्डरच्या हातात.

सायली : अगं, आणि हे करारनाम्यात कुठेच नाही!

आत्या : अजून सही झालेली नाही ना? मग घाल. ताब्याची तारीख, त्यापुढे रोजची भरपाई, आणि तुमच्या अठरा लाखांतले दोन लाख ताब्याच्या दिवशी. कुरकुर करतील. पण दिवाळीची तारीख त्यांनीच दिलीय, मग लिहून द्यायला काय हरकत आहे?

सायली : सासूबाईंना गृहप्रवेश दसऱ्याला हवाय.

आत्या : चावी आली तर जरूर करा. कलशपूजन, दूध उतू घालणं, याला तासभर पुरतो. सामान नंतर हलवलं तरी चालतं. चावी नसली तर पाडवा आहेच. पण दसरा धरून उलटं मोजत नोटिशीची तारीख काढू नका.

सायली : मग आज काय करू? घरमालकांना फोन करते, नवा करार मागते.

आत्या : आधी विकणाऱ्यांना फोन कर, भोगवटा पत्राचं विचार. ते कळल्याशिवाय घरमालकांकडे किती महिने मागणार?